स्टेप रिस्पॉन्समध्ये दोन टेंगळं: क्रॉसओव्हर चुकलाय की माझं मोजमाप?

अर्धवट_अभियंता

नमस्कार मंडळी. तीन आठवडे डोकं आपटून झालं, आता इथे विचारतो.

टू-वे स्पीकरची पेटी बनवली आहे, म्हणजे खालचे आणि वरचे सूर दोन वेगळे ड्रायव्हर वाजवतात. साडेसहा इंची कागदी कोनचा वूफर, एक इंची सिल्क डोमचा ट्वीटर, बंद बॉक्स. पॅसिव्ह (कॉइल-कॅपॅसिटरचं) काही नाही. डीएसपी (सिग्नलवर आकडेमोड करणारी चिप) आहे आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र अँप्लिफायर. क्रॉसओव्हर, म्हणजे सूर दोघांत वाटून देणारा फिल्टर, २५०० हर्ट्झला, चौथ्या क्रमाचा लिंकविट्झ-रायली (पुढे नुसतं एलआर-४ म्हणतो). डीएसपीत एलआर-४ निवडला आणि मोकळा झालो असं नाही. ड्रायव्हरचा स्वतःचा प्रतिसाद धरून, माइकवर मोजलेला उतार आदर्श रेषेवर आणून बसवलाय.

माइक ट्वीटरच्या समोर १ मीटरवर, दोन्ही जमिनीपासून १.२ मीटर उंच. वेळेचा संदर्भ साउंड कार्डाच्या लूपबॅकवरून (बाहेर जाणारा सिग्नल तारेने परत आत घेऊन). वूफरचा आवाज ट्वीटरपेक्षा ७० मायक्रोसेकंद उशिरा पोचत होता, म्हणजे त्याचं ध्वनिकेंद्र साधारण २४ मिमी मागे आहे. डीएसपी ४८ किलोहर्ट्झवर चालतो आणि विलंब अख्ख्या सॅम्पलमध्येच घेतो, म्हणून ट्वीटरला ३ सॅम्पल दिले, म्हणजे ६२.५ मायक्रोसेकंद. त्याआधी ट्वीटर उलटा जोडला (अधिक-उणे तारांची अदलाबदल) की २५०० ला जेमतेम ५ डीबीचा खड्डा पडायचा, आता जवळपास २५ डीबीचा पडतो. सरळ जोडल्यावर रेषा सपाट. इथवर मी खूश.

मग स्टेप रिस्पॉन्स (सिग्नल एकदम शून्यावरून १ वर नेला की स्पीकर काय करतो त्याचा आलेख) उघडला आणि सगळी मजा गेली. आधी ट्वीटरचा सुळका, मग रेषा शून्याच्या खाली, मग वूफरची टेकडी. आणि त्या खळग्याचा तळ सुळक्यानंतर बरोबर ७० मायक्रोसेकंदांवर! जो फरक मी काढून टाकला असं समजत होतो, तोच तिथे बसून मला वाकुल्या दाखवतोय. म्हणून आणखी ३ सॅम्पल घातले. तर २५०० ला सरळ जोडणीतच १ डीबीच्या आसपास घसरण आली आणि उलट्या जोडणीचा खड्डा ७-८ डीबीवर आला. पुन्हा मूळ पदावर.

शिवाय सुळक्यानंतर ०.६ मिलिसेकंदांवर एक बारीक टेंगूळ आहे, ते काहीही केलं तरी हलत नाही.

टाळी, तबल्याची चाट, काठीचा ठोका हे जसे रेकॉर्ड झाले तसेच यावेत एवढीच इच्छा आहे. कुठे चुकतोय?

---

सहा_डीबी

चूक एकच, एलआर-४. पहिल्या क्रमाचा क्रॉसओव्हर लावा. दर सप्तकाला ६ डीबी, एक कॉइल, एक कॅपॅसिटर. दोघांची बेरीज गणिताने नेमकी १ येते, स्टेप आत टाका, स्टेप बाहेर. बाकी सगळे फिल्टर वेळेची खिचडी करतात. तुमच्याकडे तर डीएसपी आहे, दोन मिनिटांचं काम.

---

जुना_कॉइलवाला

अर्धवटराव, तुमचं मोजमाप बरोबर आहे, विलंबही बरोबर आहे. फक्त त्या विलंबाकडून तुम्ही जे मागताय ते त्याच्या हातात नाही.

दोन गोष्टींची गल्लत होते आहे. एक, दोन ड्रायव्हरचे आवाज एकाच वेळी निघणं. दुसरी, त्यांची बेरीज मूळ सिग्नलसारखी असणं. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. एलआर-४ च्या दोन बाजू प्रत्येक फ्रीक्वेन्सीला एकमेकींशी फेजमध्ये असतात, म्हणजे लाटा एकदमच वर-खाली होतात, त्यामुळे रेषा सपाट येते आणि उलटा जोडला की खड्डा खोल पडतो. पण दोघी मिळून जी बेरीज होते ती १ नाही, ती ऑल-पास आहे: आवाजाची पातळी कुठेच बदलत नाही, फेज मात्र खालून वर जाताना पूर्ण ३६० अंश फिरते. २५०० च्या क्रॉसओव्हरला याचा अर्थ असा की खालचे सूर वरच्या टोकाच्या सुरांपेक्षा साधारण ०.१८ मिलिसेकंद मागे राहतात. ड्रायव्हर कितीही अचूक जागी बसवा, हे राहणारच, कारण हे लाकडात नाही, फिल्टरात आहे.

आता तुमचे ७० मायक्रोसेकंद. कागद घ्या आणि आदर्श एलआर-४ ची स्टेप काढा. ना ड्रायव्हर, ना पेटी, नुसतं गणित. रेषा १ वर उडी मारते, लगेच कोसळते, शून्याखाली ०.२९ पर्यंत जाते आणि मग वर येऊन ०.२८ मिलिसेकंदांच्या सुमाराला पुन्हा १ ला टेकते. तळ कुठे येतो? क्रॉसओव्हर २५०० ला असेल तर ७०.७ मायक्रोसेकंदांवर. तुमच्या ड्रायव्हरांमधला फरकही ७० निघाला हा निव्वळ योगायोग, आणि असा योगायोग माणसाचे तीन आठवडे खातो. मी असल्याच एका योगायोगापायी एक अख्खा बॅफल (पेटीची पुढची फळी) रंधून पातळ केला होता, ती कथा परत कधीतरी.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. विलंबाला हात न लावता क्रॉसओव्हर २००० ला आणा आणि दोन्ही उतार पुन्हा नीट बसवा. तळ ८८ च्या आसपास सरकायला हवा. ड्रायव्हर तर जागचे हललेले नसतील. मग कळेल खळगा कोणाचा आहे ते.

उलट्या जोडणीच्या खड्ड्याबद्दलही थोडं, कारण तुमच्या आकड्यांत सगळं दडलेलंच आहे. ७० हवे होते, ६२.५ मिळाले, उरलेले साडेसात मायक्रोसेकंद म्हणजे २५०० ला जवळपास ७ अंश. पातळी समान असेल तर ७ अंशांच्या चुकीला खड्डा २५ डीबीच्या आतबाहेरच येतो. तुम्ही नेमका तोच मोजलात. फक्त लक्षात ठेवा, दोघांच्या पातळीत १ डीबीचा फरक असला तरी खड्डा एवढाच उथळ होतो, तेव्हा नुसत्या खोलीवरून दोष फेजला देऊ नये. हे ७ अंश दुरुस्त करायच्या मागे लागू नका. बेरजेत त्यांनी ०.०२ डीबीसुद्धा जात नाही.

आता सहा_डीबी यांच्या दोन मिनिटांच्या कामाकडे वळतो. गणित त्यांचं खरं आहे. मीही याच वाटेने गेलो, दोन मिनिटं नव्हे, दोन वर्षं. तिरका बॅफल केला, दोन्ही केंद्रं एका रेषेत आणली, एक कॅपॅसिटर, एक कॉइल. आणि पहिल्याच दिवशी असा फसलो की आजही हसू येतं. ट्वीटर सरळ जोडून मोजलं, रेषा सपाट. उलटा जोडून मोजलं, तरी रेषा सपाट! मला वाटलं वायर तुटली आहे आणि एकच ड्रायव्हर वाजतोय. मग डोक्यात उजेड पडला: पहिल्या क्रमात दोन बाजूंमध्ये सगळीकडे ९० अंशांचं अंतर असतं. बेरीज करा, उत्तर १. वजाबाकी करा, ऑल-पास. पातळी दोन्हींची सपाटच. म्हणजे जी उलट्या जोडणीची चाचणी एलआर-४ ला देवासारखी धावून येते, ती इथे काहीच सांगत नाही. इथे सरळ-उलट ठरवायचं तर फेज किंवा स्टेपच बघावी लागते.

पण हा झाला किस्सा. खरी अडचण पुढे आली. एक कॅपॅसिटर लावला म्हणजे विजेचा उतार ६ डीबी झाला, आवाजाचा नाही. ट्वीटर स्वतःच्या रेझोनन्सखाली (नैसर्गिक घुमण्याच्या फ्रीक्वेन्सीखाली) १२ डीबीने घसरतोच. माझ्या ट्वीटरचा रेझोनन्स ९५० ला होता, म्हणजे त्याखाली एकूण १८. गणितातला तो सुंदर १ तिथेच मोडला. तो सावरायचा तर ट्वीटरला खालून इक्वलायझर देऊन उचलायचं, आणि डोम बिचारा आधीच वाकलेला. सारखा आवाज काढायचा असेल तर फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की डोमची हालचाल चौपट व्हावी लागते; ६ डीबीचा उतार त्यातलं निम्मंच ओझं उतरवतो, म्हणजे रेझोनन्सपर्यंत खाली जाताना हालचाल वाढतच राहते. जरा मोठ्याने वाजवलं की माझा ट्वीटर अशी काही किरकिर करायचा की अचूक ट्रान्झियंट (ठोक्याचा क्षण) गेला खड्ड्यात, गायिकेच्या घशाला काहीतरी झालंय असं वाटायचं.

वूफरचंही तेच. तुमचा कागदी कोन वर कुठेतरी, चार-साडेचार हजारांच्या आसपास, फुटत असणार, म्हणजे एकसंध न हलता तुकड्या-तुकड्यांनी थरथरत असणार; सुटा वूफर मोजला असेल तर तो उंचवटा दिसला असेल. ४२०० ला धरलं तर तुमचा एलआर-४ त्याला १९ डीबी दाबतो. पहिला क्रम? जेमतेम ६. आणि रेझोनन्स म्हणजे काय, तर सिग्नल संपल्यावरही घणघणत राहणं. स्टेपचा चेहरा सुधारायला गेलात आणि घंटा गळ्यात बांधून घेतलीत.

तिसरं, उभ्या दिशेतलं. ड्रायव्हरांच्या केंद्रांत १३७ मिमी अंतर असेल, म्हणजे २५०० ला एक तरंगलांबी, तर ९० अंशांच्या अंतरामुळे मुख्य झोत १४-१५ अंशांनी वूफरच्या बाजूला, खाली कलतो आणि तिथे ३ डीबी जास्त मिळतात. वर तेवढ्याच कोनात पूर्ण खड्डा. २ मीटरवर बसलात तर कानाची उंची अर्ध्या मीटरने वर गेली की क्रॉसओव्हरजवळचा आवाज गायब. ज्या बिंदूत ती देखणी स्टेप दिसते तो बिंदू लिंबाएवढा असतो.

वाईट आहे असं म्हणत नाही. लांबपर्यंत सरळ वागणारे ड्रायव्हर असतील, आवाज मर्यादित ठेवणार असाल, एकाच खुर्चीत बसणार असाल, तर करा आणि आनंद घ्या. माझी ती पेटी अजून आहे, तिच्यावर झाडाची कुंडी ठेवली आहे.

लोकांनी यातून पळवाटा शोधल्याच आहेत. १९७६ मध्ये लिंकविट्झ यांनी फेजमध्ये चालणाऱ्या जोडीचा विचार मांडला. पुढच्याच वर्षी बँग अँड ओलुफसेनच्या बेकगार्ड यांनी उलट बाजूने हात घातला: दोन ड्रायव्हरांच्या बेरजेत जे कमी पडतं तेवढंच वाजवणारा तिसरा, भरणीचा ड्रायव्हर मध्ये टाकायचा. १९८३ मध्ये लिपशिट्झ आणि व्हॅंडरकॉय यांनी दाखवलं की मूळ सिग्नलला विलंब देऊन त्यातून लो-पास (खालच्या सुरांचा भाग) वजा केला तर तीव्र उतार आणि सरळ फेज दोन्ही साधतं. विलंब न देता नुसतंच वजा केलं तर दुसरी बाजू ६ डीबीच्या उतारावर येऊन पडते, म्हणजे फिरून भोपळे चौकात. तुमच्याकडे डीएसपी आहे, तुम्हाला यातलं काहीच जड नाही. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे ०.१८ मिलिसेकंद तुम्हाला ऐकू येतात का?

१९७८ चं ब्लाउअर्ट आणि लॉज यांचं काम बघा. त्यांना ग्रुप डिलेची (काही सूर मागे राहण्याच्या वेळेची) ऐकू येण्याची सीमा २ किलोहर्ट्झला सुमारे १ मिलिसेकंद आणि ४ किलोहर्ट्झला दीड मिलिसेकंद अशी मिळाली. तुम्ही त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आहात. तरी त्यांचे कान त्यांच्यापाशी, तुमचे तुमच्यापाशी. स्पीकर बाजूला ठेवा. एखाद्या रेकॉर्डिंगवर संगणकात एलआर-४ चा ऑल-पास चढवा, मूळ आणि चढवलेलं दोन्ही हेडफोनवर एबीएक्स करून (कोणतं वाजतंय हे न सांगता ओळखायची चाचणी) ऐका. १६ पैकी १२ बरोबर आले तर काहीतरी ऐकू येतंय असं मानू. ऑल-पास ३०० हर्ट्झला ठेवूनही ऐका, तिथे डिले दीड मिलिसेकंद होतो. थ्री-वे बांधणाऱ्यांनी खरी काळजी तिथे करायची असते.

---

टॅपमोज्या

कॉइलवाल्यांशी बहुतेक सहमत. एक भर घालतो.

ऐकू येवो न येवो, डोळ्यांना सरळ स्टेप बघायचीच असेल तर एलआर-४ तसाच ठेवा आणि दोघांच्या आधी, एकत्र सिग्नलवर, एफआयआर फिल्टरने (पातळी न बदलता फेज हवी तशी फिरवू शकणारा डिजिटल फिल्टर) ऑल-पासची फेज उलटी फिरवा. रीफेज या सॉफ्टवेअरमध्ये हे चुटकीसरशी होतं. २५०० चा ऑल-पास अर्ध्या मिलिसेकंदात निवतो, त्यामुळे ४८ किलोहर्ट्झला शंभरेक टॅप (फिल्टरचे गुणक) पुरतात. हजार टॅप टाकून १० मिलिसेकंद लेटन्सी (एकूण विलंब) ओढवून घ्यायची गरज नाही.

तोटा असा की आता प्रत्येक ड्रायव्हरच्या आवाजात ठोक्याच्या आधीच थोडी कुजबुज असते. समोरच्या बिंदूत दोघांची कुजबुज एकमेकांना खाऊन टाकते. वर-खाली सरकलात की हिशेब जुळत नाही आणि ती उरते. ठोक्यानंतरची गडबड कान पोटात घालतात, आधीची तितकी नाही. एलआर-४ ला हे प्रकरण सौम्य असतं. सप्तकाला ९६ डीबीचे कडे उभारणाऱ्यांनी मात्र जपून.

आणि ते ०.६ मिलिसेकंदांचं टेंगूळ कोणी विचारात का घेतलं नाही? क्रॉसओव्हर बदलला तरी हलत नाही म्हणजे ते क्रॉसओव्हरचं नाही. जमिनीचंही नाही: १.२ मीटर उंची आणि १ मीटर अंतराला जमिनीवरून येणारा आवाज १.६ मीटर जास्त चालतो, म्हणजे ४.६५ मिलिसेकंद उशिरा येतो. (जाता जाता, तुमची खिडकी (परतलेला आवाज येण्याआधीचा वापरण्याजोगा वेळ) तेवढीच असल्याने २१५ हर्ट्झच्या खालचं काहीही या मोजमापातून वाचू नका. स्टेपची शेपटीही.) बॅफलचा काठ? ट्वीटरपासून काठ किती लांब आहे? ११ सेंमी असेल तर ते ०.३३-०.३४ ला दिसायला हवं, ०.६ ला नाही. ०.६ म्हणजे जाऊन-येऊन साधारण २० सेंमीचा जास्तीचा प्रवास. माइकच्या मागे १० सेंमीवर काय आहे?

---

अर्धवट_अभियंता

तिघांचेही आभार. चार दिवस लागले, पण सगळं करून आलोय.

आधी २००० ची चाचणी. विलंबाला हात लावला नाही, दोन्ही उतार नव्याने बसवले. तळ ८९ मायक्रोसेकंदांवर. मग हौसेने ३००० ला नेलं, तर तो ६० च्या अलीकडे आला. मोजलेली स्टेप आणि आदर्श ऑल-पासची स्टेप एकावर एक ठेवली, तर सुळक्याचं टोक माझं थोडं बोथट आहे, बाकी खळग्यापर्यंत रेषेवर रेषा. म्हणजे तीन आठवडे मी फिल्टरच्या नैसर्गिक चेहऱ्याला मुरूम समजून फोडत होतो.

आणखी एक पडताळा स्वतःच्या डोक्याने केला, बरोबर आहे का सांगा. माइक न हलवता वूफर सुटा, ट्वीटर सुटा आणि दोन्ही मिळून अशी तीन मोजमापं घेतली, मग पहिल्या दोघांची फेजसकट बेरीज संगणकात केली. ती तिसऱ्यावर ०.२ डीबीच्या आत बसली.

सुट्या वूफरमध्ये उंचवटा निघाला ४४०० ला. कॉइलवाले, तुम्ही न बघता कसं सांगितलंत देव जाणे. डीएसपीत त्याच्यावर एक अरुंद कट टाकला, तर वॉटरफॉलमध्ये (सूर कसे विरत जातात त्याच्या आलेखात) त्या जागेची शेपटीही आखडली. हे मला अपेक्षित नव्हतं, मला वाटायचं कट फक्त पातळी कमी करतो.

एबीएक्स: २५०० चा ऑल-पास, गाण्यावर १६ पैकी ९. तबल्यावर ७. नुसत्या क्लिकवर ८. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. ३०० ला गाण्यावर ९, पण क्लिकवर १३. तिथे क्लिक किंचित जाड होते, 'टक'ऐवजी 'टुक'. एकदा कान बसला की ओळखू येते.

---

जुना_कॉइलवाला

तीन मोजमापांचा पडताळा अगदी बरोबर. बेरीज जुळली म्हणजे तुमचा सापेक्ष वेळ खरा आहे. पुढे उतारांत जे काही बदल कराल ते संगणकात करून बघितलेत तरी चालेल, दर वेळी माइक उभा करायला नको.

४४०० चं नवल नाही. साडेसहा इंची कागद बहुधा तिथेच कुठेतरी आरडाओरडा करतो. आणि कटाने शेपटी आखडली कारण कोनचा तो रेझोनन्स मिनिमम-फेज आहे: त्याची पातळी आणि त्याचं घणघणणं ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत. बरोबर जागी, बरोबर रुंदीचा उलटा कट पडला की दोन्ही एकदम जातात. काठावरून परतणाऱ्या आवाजाला हे लागू नाही. तो प्रत्येक कोनातून वेगळा दिसतो, त्याला इक्वलायझरने मारायला जाऊ नका.

९ आणि ७ बघून एफआयआर लावणार की नाही?

---

सहा_डीबी

१६ वेळा ऐकून कान थकतात हो. थकलेल्या कानाला काय कळणार.

---

अर्धवट_अभियंता

सहा_डीबी, चार-चारचे तुकडे करून, मध्ये सुट्टी घेऊन ऐकलं होतं. तरी रविवारी पुन्हा करतो, तुमच्या नावाने.

एफआयआर लावून बघितला. स्टेप इतकी सुरेख आली की चित्र जपून ठेवलंय. मग माइक ३० सेंमी वर उचलला, तर सुळक्याच्या आधी एक छोटी लाट. काढून टाकला. हाच पैसा-वेळ पुढच्या थ्री-वेच्या ३०० हर्ट्झसाठी राखून ठेवतो.

आणि टॅपमोज्या, माइकच्या मागे १० सेंमीवर काय आहे विचारलंत. स्टँडचं पकडणारं प्लास्टिकचं टोक आहे, चांगलं तळहाताएवढं रुंद. त्याच्यावर जुना लोकरी मोजा चढवला, टेंगूळ निम्मं झालं. मग माइक एका पातळ नळीवर टोकापासून ४० सेंमी पुढे काढला, आता शोधूनही सापडत नाही.

---

टॅपमोज्या

मोजा काढू नका. :)